उष्टी हळद

"खाजवायचं नाही हं," हळद लावता लावता आई हेरंबच्या कानाशी लागली. सोरायसिसची गोष्ट मुलीकडच्यांना कळू नये म्हणून तिनं ऐन मे महिन्यात त्याला लांब बाह्यांचा सदरा चढवला होता. समोर नवरीची मामी त्याच्या अंगाची उष्टी हळद नवरीसाठी न्यायला वाटी घेऊन बसली होती, आणि मामीची नजर म्हणजे सोनाराचा काटा.

हळद सुकू लागली तसं कोपरावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. हेरंबनं दात आवळले, पायाची बोटं आवळली, तरी हात शेवटी बाहीत शिरलाच. पाटावर पांढरे पापुद्रे पडले.

"हे काय?" मामीनं वाटी मागे घेतली.

"उष्णता," आई म्हणाली.

"सोरायसिस," हेरंब म्हणाला. "कुणाला लागत नाही. तिला पहिल्याच भेटीत सांगितलंय मी."

मामीनं तिथूनच नवरीला फोन लावला, तोही स्पीकरवर. "अगं, याच्या अंगाला खाज आहे. ही हळद चालेल का तुला?"

आईनं डोळे मिटले.

"चालेल की. पण मघापासून कळ सोसत बसला असेल गं तो, मामी. आधी त्याला पोटभर खाजवू दे."