तेरा नंबरला उभं करायचं

फोन आला तेव्हा वेल्डर एका गेटचा गज जोडत होता. पलीकडून हॉस्पिटलमधली मोठी सिस्टर "लगेच या" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो पोचला तेव्हा अपघात विभागात काचांचा खच पडला होता. कुणाचा तरी पेशंट दगावला म्हणून सोबतच्या लोकांनी दिसेल त्याला झोडपलं होतं. डॉक्टरचा हात मोडला, वॉचमनचं डोकं फुटलं. वेल्डरची बायको तिथे नोकरीला नव्हती. नर्सिंग सहायकाच्या कोर्सला प्रवेश मिळावा म्हणून बिनपगारी काम करायची. तिला पळता आलं असतं. पण ऑक्सिजनवरच्या एका म्हातारीला वाचवायला ती खाटेपुढे आडवी उभी राहिली.

"पहिल्याच ठोशाला पडली हो," सिस्टर म्हणाली. "पडली तरी सोडलं नाही त्या तोंडाला रुमाल बांधलेल्या मेल्याने. लाथांनी तुडवली. तीही गप्प नाही बसली. ओरबाडलं, चावली. पण एवढीशी बाई ती..."

वेल्डरने चादर उचलून पाहिलं. छाती एका बाजूने आत गेली होती. त्याने चादर नीट केली आणि तिच्या चपला शोधायला लागला. एकच सापडली.

चौघांना पोलिसांनी उचललं. लाथा घालणारा पाचवा पसार झाला. तो कुणाचा कोण, हे त्या चौघांनाही सांगता येईना. मारामारी दिसली की घुसणारा कुणीतरी.

पंधरा दिवसांनी वेल्डर मोठ्या सिस्टरच्या टेबलापुढे उभा राहिला.

"तिचे तास राहिलेत ना? मी भरतो."

"तिचे तास तुम्हाला कसे चालतील, भाऊ? आणि तुमचं वय किती?"

"सत्तेचाळीस. पन्नासपर्यंत घेतात. बाहेर पाटीवर लिहिलंय."

सिस्टरने त्याला अट सांगितली. तीनशे तास आणि एक पेशंट. खाटेला खिळलेला एक पेशंट प्रत्येक स्वयंसेवकाच्या हवाली व्हायचा. तो आपल्या पायांवर उभा राहिला की शिफारशीचं पत्र मिळायचं, त्याआधी नाही.

वेल्डरच्या वाट्याला तेरा नंबरची खाट आली.

तेरा नंबरला नाव नव्हतं. पुलाखालच्या कुठल्याशा हाणामारीत त्याची कवटी फुटली होती. अंगभर खरचटलेलं, डोळे उघडे पण ओळख कशाचीच नाही. पहिल्या दिवशी वेल्डरने त्याला कोमट पाण्याने पुसायला घेतलं. तोंड, मान, छाती, मग हात. उजव्या हातापाशी तो थांबला.

"काय भाऊ, किळस आली?" वॉर्डातली मावशी हसली. "लोखंड नाही ते. माणूस आहे."

"नाकातली नळी ओढेल हा. हात बांधून ठेवतो." त्याने पट्ट्या गुंडाळून जाड मोजा केला आणि त्या हातावर चढवला.

"शिकलात की एका दिवसात!"

तो रोज येऊ लागला. दर दोन तासांनी तेरा नंबरला कुशीवर वळवायचा. पाठीला एक व्रण पडू दिला नाही. पेज भरवली, नखं कापली, पायांना मालिश केली.

"बाबा, आम्हाला ताप आला तर तुम्ही थर्मामीटर कुठे आहे तेही विचारायचात," लेक म्हणाली. ती शनिवारी सफरचंद घेऊन आली होती. अर्धं तिने खाल्लं आणि एकदम थांबली. "आईने चोरून खाल्लेलं लगेच कळायचं. पुढचा दात नाही, मधे कोरी जागा. तरी म्हणायची, मी नाही बाई!"

दोघं हसले. मग लेक रडली. वेल्डर तेरा नंबरचे पाय चोळत राहिला.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. एका दारुड्याने सलाइनचा स्टँड उचलून मोठ्या सिस्टरच्या कपाळावर घातला. वेल्डरने त्याचा गळा धरला आणि त्याला भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला. त्याचे दोन दात फरशीवर पडले. तो भिंतीवरून घसरत खाली आला तशी वेल्डरची उगारलेली मूठ खाली आली.

"अजून दोन द्यायच्या होत्यात," सिस्टर कपाळाचं रक्त पुसत म्हणाली.

"पडला ना तो. पडलेल्यावर मी हात टाकत नाही."

नळी निघाली. तेरा नंबर बोलायला लागला. वेल्डरला 'काका' म्हणू लागला.

"आता तो मोजा कशाला?" सिस्टरने विचारलं.

"खाजवतो अजून." मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "ह्याला मागचं सगळं आठवेल ना?"

"आठवतंय थोडंथोडं. तुमच्यामुळे जगला तो, भाऊ. आमच्यातल्या कुणीही आशा धरली नव्हती."

तीनशेवा तास सोमवारी सकाळी भरला. मोठी सिस्टर पत्र घेऊनच आली. मावशीने टाळ्या वाजवल्या. तेरा नंबरने खाटेची कड सोडली, डुलला, सावरला आणि कशालाही न धरता उभा राहिला.

"काका, बघा!"

"तिला पाहायला मिळायला हवं होतं," सिस्टरने डोळे टिपले. पत्र वेल्डरच्या खिशात सरकवून ती मावशीला घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

वेल्डरने खाटेभोवतीचा पडदा ओढला. तेरा नंबरचा उजवा हात हातात घेतला आणि मोज्याच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. अंगठ्याखाली दातांची अर्धगोल खूण होती, पहिल्या दिवशी पाहिली होती तशीच, मधे एका दाताची जागा कोरी. तेरा नंबरने खुणेकडे पाहिलं, मग वेल्डरकडे. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"खाली बसू नकोस," वेल्डर म्हणाला.

तास भरले होते, पत्र मिळालं होतं, पेशंट पायांवर उभा होता. मारायचं तेवढं राहिलं होतं.