एका वाक्यात उत्तर लिहा

मुलीला शाळेतून प्रश्न आला होता, 'विश्वाच्या आधी काय होतं? घरच्यांना विचारून एका वाक्यात लिहा.' घरच्यांना म्हणजे अर्थातच माझ्या सासऱ्यांना.

"काही नव्हतं गं, नुसतं शून्य," ते म्हणाले आणि सवयीने त्यांनी भिंतीकडे बघितलं. त्यांच्या दप्तरांच्या कारखान्याबद्दल पेपरात छापून आलेलं कात्रण तिथे फ्रेम करून लावलंय: 'शून्यातून उभारलं विश्व'.

पहिली चार वर्षं ती सगळी दप्तरं सासूबाईंनी स्वयंपाकघरात बसून शिवली. एकदा सुई बोटातून आरपार गेली, ते बोट अजून वाकत नाही. त्यांचं शिलाई मशीन आता कारखान्याच्या दारात काचेच्या पेटीत ठेवलंय, खाली पाटी सासऱ्यांच्या नावाची. कात्रणातल्या फोटोत सासूबाईंचं कोपर तेवढं आलंय.

त्या समोरच भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी मी होते, असं लिही."

"हिचं आपलं काहीतरीच!" सासरे खो खो हसले. मुलीने मात्र ते मनावर घेतलं आणि वहीत अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विश्वाच्या आधी आजी होती.'

काल वही तपासून आली.


बाईंनी लाल पेनाने 'आजी' खोडून वर बरोबर उत्तर लिहिलंय: 'शून्य'.