अधिभार उतरला तेव्हा

"पण तेल तर स्वस्त झालंय," काकू म्हणाल्या. "मग तुमचा हा अधिभार चढला कसा?"

जहाज कंपनीच्या बुकिंगच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. काकूंचं गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान होतं. परदेशातल्या मुलाने त्यांना कायमचं राहायला बोलावलं होतं. आधी सामान जहाजाने जायचं, मागून काकू. पण कित्येक आठवडे त्या खिडकीशी येत होत्या आणि काही न ठरवताच परत जात होत्या.

"भाडं ठरलेलं असतं, काकू. तेलाचा भाव मात्र वरखाली होतो. तो फरक वेगळा लावतात. तोच इंधन अधिभार."

"ते कळलं. पण भाव उतरलाय ना?"

"आत्ता उतरलाय. अधिभार मागच्या महिन्यांच्या सरासरीवर ठरतो."

"म्हणजे जहाज आत्ता जाणार आणि तेल मागच्या महिन्यातलं जाळणार?"

इतकी वर्षं कारकून हेच सांगत आला होता. कुणी असं विचारलं नव्हतं.

"आणि हा वजनावर लागतो?"

"नाही. सामान जागा किती अडवतं, त्यावर."

"माझं मशीन लोखंडाचं आणि गाद्या कापसाच्या. तरी गाद्यांनाच तेल जास्त लागणार?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला आणि त्याचा त्यालाच संकोच वाटला.

"मग थांबते. उतरला की पाठवू." काकू तुरुतुरु निघूनही गेल्या.

रात्री जेवताना त्याने बायकोला वाट्या मांडून अधिभार समजावला. ही वाटी म्हणजे जहाज, ही म्हणजे तेल. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हालाच कळलेला दिसत नाही," ती म्हणाली आणि तेलाच्या वाटीत आमटी वाढली.

त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "लोकांना समजावत काय बसतोस? बुकिंग घे."

त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. पण काकू डोळ्यांसमोरून हलेनात. एकटी बाई, मुलाकडे जायला आसुसलेली, आणि या मेल्या अधिभारापायी अडकून पडलेली. रोज कामावर आल्या आल्या तो आधी दर बघू लागला.

आणि एके दिवशी दर घसरला. इतका खाली त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तो काकूंच्या दुकानी धावला.

तिथे बांधाबांध म्हणून काही नव्हती. बाकावर दोन शेजारणी बसल्या होत्या. काकू एका जाडजूड बेकरीवाल्याच्या कोटाचं माप घेत होत्या.

"पोट आत ओढू नका. कोट घालून श्वास घ्यायचा आहे ना तुम्हाला?"

शेजारणी खो खो हसत होत्या. बेकरीवालाही.

"काकू, उतरला!" कारकून दारातूनच म्हणाला.

काकूंच्या हातातली टेप सैल पडली. "किती?"

"निम्म्याहून खाली. आजच बुक करून टाकू."

"पुन्हा चढेल का हो?"

"चढणारच. म्हणून तर धावत आलो."

काकूंनी खडूने कापडावर एक रेघ ओढली, बोटाने पुसली, पुन्हा ओढली. "बघते," एवढंच म्हणाल्या. शेजारणींनी माना खाली घातल्या.

कारकून चक्रावून परतला. आपलं काय चुकलं? एवढंही भाडं त्यांना झेपत नसेल का? खुर्चीत टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. काकूंचा मुलगा होता.

"आईच्या सामानाचं कुठवर आलं?"

"साहेब, रागावू नका. पण त्यांना पैशांची थोडी मदत केलीत तर..."

"मदत? सगळा खर्च माझी कंपनी करतेय. आईला एक छदामही द्यायचा नाहीये. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग त्या थांबल्यात कशाला?"

"म्हणते, कंपनीचा झाला म्हणून पैसा उधळायचा का? अधिभार उतरला की त्याच दिवशी सामान पाठवते, असा शब्द दिलाय तिने मला. आई शब्द मोडायची नाही. उतरलाय का आता?"

कारकुनाने पडद्यावरच्या उतरलेल्या आकड्याकडे पाहिलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "अजून चढतोच आहे."