चोराचं तोंड

गिरणारे गावच्या नर्सरीतून सकाळीच आणलेले टोमॅटोच्या रोपांचे चार ट्रे अंगणात पालथे पडलेले दिसले, आणि खंडेरावांनी काठी उचलली. तशी भुऱ्या कुत्र्यानं कान मागे पाडले, मान वळवली, नाकावरून जीभ फिरवली आणि डोळ्यांच्या कडेनं तो काठीकडे बघत राहिला.

"बघा, कसं चोराचं तोंड केलंय! मला काय कळत नाय व्हय?"

छाया ओट्यावरून उतरली आणि सासऱ्यांच्या आणि कुत्र्याच्या मधे येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत ती त्यांच्यासमोर अशी कधीच उभी राहिली नव्हती.

"नाना, त्याला मारायचं नाय. पाण्याचा पाईप ओढताना ट्रे माझ्याकडून पडले."

नाना तिचं तोंड निरखू लागले. साधं दूध उतू गेलं तरी ही सून मान खाली घालायची, सुकल्या ओठांवरून जीभ फिरवायची, भिंतीकडे बघत राहायची. आज मात्र ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"उगं कुत्र्याला पाठीशी घालू नको," ते खेकसले. "तू पाडले असते तर तुझं तोंड असं राहिलं असतं का? तुझं तोंड मी आजच बघतोय काय?"

छाया जागची हलली नाही. तिच्या पायाशी भुऱ्या अजून थरथरत होता.

"ट्रे मीच पाडले, नाना. पण आज मी काठीला भ्याले नाय."