पुठ्ठ्याचं इंजिन

मी चहा ठेवला, बशीत चमचा किणकिणला आणि विचारात बुडालेल्या दोघांनी मान वर केली. टेबलावर पुठ्ठ्याचा तिकोनी रोटर होता. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्यानं लेकीच्या बुटांच्या खोक्यातून हौसेनं कापलेला. त्याच्या इंजिनात पिस्टन वरखाली होणार नव्हता, हा रोटरच गोल फिरणार होता.

"नाही चालणार, नचिकेत," त्याची कॉलेजातली मैत्रीण गार्गी म्हणाली. "तिन्ही कोपऱ्यांतून गॅस गळेल."

मला आतून बरं वाटलं. मी दोन वर्षं कौतुकच केलं होतं. आता हिच्यावर तो चिडेल. पण तो खुर्ची तिच्याकडे ओढत हसला.

"म्हणून तर तुला बोलावलं. ही काय, कशालाही छानच म्हणते."

"कोपऱ्यांना स्प्रिंगच्या पट्ट्या बसवून बघ."

"बसवू. चालणार बघ आपलं इंजिन."

आजवर माझ्यापाशी तो 'माझं इंजिन'च म्हणायचा. मी लेकीला उगाच जवळ ओढलं आणि तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.

"आई," तिनं मान वळवून विचारलं, "बाबा 'आपलं' म्हणाला, म्हणजे तुझं पण ना?"