पोलिक्सेनीची मान

पोलिक्सेनीची मान लहानपणापासून आपोआप वर झटकायची आणि जीभ टाळूवर ‘टक्’ वाजायची. आमच्या खिओस बेटावर याचा अर्थ एकच, "नाही". पाणी आण म्हटलं तरी तेच, प्रार्थना म्हण म्हटलं तरी तेच. "राणीसाहेब कशाला हो म्हणतील?" म्हणत तिला सांभाळणारी आत्या तिला बडवायची.

सोळाव्या वर्षी अथेन्सच्या डॉक्टरांनी आत्याला समजावलं, "मान झटकली, तोंडून काहीबाही निघालं, तरी तो नकार नसतो. मेंदूचा आजार आहे. मनावर घेऊ नका." आत्या ढसाढसा रडली. त्यानंतर तिने पोरीवर कधी हात उगारला नाही.

दोन वर्षांनी पोलिक्सेनीचा साखरपुडा ठरला. नवरा चाळिशीचा, संत्र्यांच्या बागांचा मालक. तिला मात्र अथेन्सला शिकायला जायचं होतं.

अंगठ्यांचं तबक घेऊन पाद्रींनी विचारलं, "पोरी, पसंत आहे ना?"

तिने मान वर झटकली. मग शांतपणे म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

पाद्री थबकले.


आत्याने मायेने तिचा हात धरून पुढे केला. "घाला अंगठी, पाद्रीबाबा. मनावर घेऊ नका, बिचारीचा आजार आहे तो."