गाळलेले शब्द

“तुमची ओजू वर्गात मध्येच हरवते हो, एकदा डॉक्टरांना दाखवा,” असं दुसरीच्या बाई म्हणाल्या, तेव्हा “अहो, बापावर गेलीय!” म्हणून केतकी हसली होती.

आज लेकीला शुद्धलेखन घालताना मात्र तिचा पारा चढला. पुन्हा तीन शब्द गाळलेले! “लक्ष कुठंय तुझं?” म्हणत तिनं पाठीत धपाटा घातला.

“आई, ते तू सांगितलंच नाहीस!” ओजू हुंदके देत म्हणाली. “बाईपण सांगत नाहीत आणि मग रागावतात.”

ओजूला खोटं बोलता येत नसे. केतकीनं पुन्हा वाक्य सांगायला घेतलं, पण नजर वहीऐवजी लेकीच्या चेहऱ्यावर ठेवली. चौथ्या शब्दाला पेन्सिल थांबली, पापण्या फडफडल्या. “ओजू!” उत्तर नाही. दहा सेकंदांनी ती काहीच न घडल्यासारखी पुढचं लिहू लागली.

मेंदूचा आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, “असं काही सेकंद हरवणं, ह्याही फिट्सच. औषध चुकवू नका, आटोक्यात येतील.”

दवाखान्याच्या पायरीवरच केतकीनं वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं, “मी आजारी लेकराला मारलं. तुमचं मूल हाकेला ओ देत नसेल, तर हात उगारण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा.”